आकडा कशाचा आहे? कर्नलमधला इंटिजर ओव्हरफ्लो दुरुस्त करताना

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, २०१९ ते २०२२ अशी जवळजवळ तीन वर्षं एक साधी ओळ बसून होती. फाइलसिस्टीम माउंट करताना, म्हणजे डिस्कवरच्या फाइली वापरासाठी जोडताना, दिलेले पर्याय एकामागून एक मेमरीच्या एका पानात लिहायचे, आणि लिहिण्याआधी नवा पर्याय त्या पानात मावतो का ते बघायचं, एवढंच तिचं काम. पान ४०९६ बाइटांचं. मराठीत ती ओळ अशी वाचता येईल:

जर (नव्या पर्यायाची लांबी > ४०९६ − २ − आधीच भरलेली जागा) तर नकार दे

त्यातले दोन बाइट मधल्या स्वल्पविरामासाठी आणि मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासाठी राखलेले. शाळेतलं गणित लावलं तर यात खोट काढता येत नाही. भरलेली जागा ४०९५ झाली की उजवी बाजू −१ होते, कोणतीही लांबी −१ पेक्षा मोठीच असते, म्हणजे नकार मिळायला हवा. पण ही वजाबाकी ज्या प्रकारच्या संख्यांमध्ये चालली होती, त्या प्रकारात ऋण संख्या नसतातच. −१ च्या जागी त्या प्रकारातली सर्वांत मोठी, वीस अंकी संख्या आली. मर्यादा ओलांडून संख्या अशी फिरून येणं म्हणजेच इंटिजर ओव्हरफ्लो. नवी लांबी तिच्याहून मोठी असणं शक्यच नाही. त्यामुळे नकार कधीच मिळेना आणि पान संपल्यावरही पुढच्या मेमरीत लिहिणं चालू राहिलं. ज्या यंत्रांवर साध्या वापरकर्त्याला स्वतःचं युजर नेमस्पेस (स्वतःपुरते जादा अधिकार असलेला वेगळा कप्पा) उघडता येतं, तिथे यातून थेट रूटचे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार मिळवता आले आणि कंटेनरमधून, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळं कोंडून ठेवणाऱ्या चौकटीतून, बाहेरही पडता आलं. जानेवारी २०२२ मध्ये ही चूक सीव्हीई या सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने जाहीर झाली.

या उदाहरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. ती ओळ लिहिणारा माणूस बेसावध नव्हता. मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणूनच त्याने ती तपासणी लिहिली होती, आणि ओव्हरफ्लो झाला तो त्या तपासणीच्याच आत. म्हणून ‘काळजीपूर्वक लिहा’ हा सल्ला इथे पुरत नाही. नेमकं काय करायचं ते समजून घ्यावं लागतं.

आधी मुळाशी जाऊ. ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना मीटरवरचा ९९९९९ पुढच्या किलोमीटरला ००००० झालेला आठवत असेल. संगणकातली संख्याही अशीच मोजक्या घरांत बसवलेली असते. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तिच्यात एक मिळवला की शून्य, आणि शून्यातून एक वजा केला की पुन्हा तीच. हे झालं अनसाइन्ड, म्हणजे चिन्ह नसलेल्या संख्यांचं. साइन्ड प्रकारात निम्मी जागा ऋण संख्यांना दिलेली असते, त्यामुळे २,१४,७४,८३,६४७ नंतर एकदम −२,१४,७४,८३,६४८ येतो. बहुतेक प्रोसेसर अशा वेळी आतल्या आत एक खूण उभी करतात. पण सी भाषेतली साधी बेरीज त्या खुणेकडे बघत नाही, आणि कर्नल जवळजवळ सगळा सी मध्येच लिहिलेला आहे.

चुकीचा आकडा आला एवढ्याने यंत्र कोणाच्या ताब्यात जात नाही. धोका कुठे आहे ते लग्नाच्या पंगतीवरून कळेल. अडीच हजार पाहुणे, प्रत्येकाला पाच द्रोण, म्हणजे साडेबारा हजार द्रोण मागवायचे. मागणीच्या कागदावर आकड्यासाठी चारच चौकोन आहेत. पुढचा १ गळाला आणि २५०० द्रोण आले. वाढपी मात्र मागणीचा कागद बघत नाहीत, त्यांच्या हातात पाहुण्यांची यादी आहे आणि ते यादीप्रमाणे मांडत जातात. आपले द्रोण संपल्यावर ते थांबत नाहीत, शेजारच्या मांडवात दुसऱ्या लग्नासाठी मांडून ठेवलेल्या पानांवर वाढू लागतात.

कर्नलमध्ये नेमकं हेच होतं. जागा मागितली जाते गुणाकारावरून आणि लिहिलं जातं मूळ संख्येवरून. समजा एखाद्या ड्रायव्हरला, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडला, वापरकर्त्याने सांगितलं की मी २६,८४,३५,४५७ नोंदी देतोय, प्रत्येक १६ बाइटांची. ३२ बिटांतला गुणाकार फिरून येतो आणि उत्तर मिळतं फक्त १६. कर्नल १६ बाइट जागा घेतो, म्हणजे एका नोंदीपुरती, आणि मग सव्वीस कोटी नोंदी उतरवायला बसतो. दुसरी नोंदच शेजारच्या मेमरीत पडते. तिथे काय ठेवलेलं आहे हे हल्लेखोराने आधीच जुळवून आणलेलं असतं. साध्या प्रोग्रॅममध्ये असं झालं तर तो एक प्रोग्रॅम कोसळेल. कर्नलच्या वर मात्र त्याला अडवणारं कोणी नसतं.

अशा चुकीची दुरुस्ती करायला बसलं की हात आपोआप एक तपासणी टाकण्याकडे वळतो. माझं म्हणणं असं की त्याआधी एक प्रश्न विचारावा: हा आकडा कशाचा आहे? तो जागेचा आकार आहे, कशाची तरी मोजदाद आहे, की घड्याळ आहे? तिघांची दुरुस्ती वेगळी असते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर ते चालत नाही.

आकारापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, इथेच लागतात. आकार फिरून आला तर एकच योग्य उत्तर आहे: नकार. वर सांगितलेल्या गुणाकाराची जुनी, हाताने लिहायची तपासणी भागाकाराची होती. नोंदींची संख्या ही ‘सर्वांत मोठा आकार भागिले एका नोंदीचा आकार’ याहून मोठी असेल तर परत फिरायचं. हे बरोबर आहे, पण प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी ते आठवणीने लिहावं ही अपेक्षा टिकत नाही. म्हणून कर्नलने ही जबाबदारी जागा देणाऱ्या फंक्शनांवरच टाकली. केमॅलॉकला आपण गुणाकार करून एक आकडा देतो. केकॅलॉकला आणि २०१२ मध्ये आलेल्या केमॅलॉक_ॲरेला संख्या आणि आकार वेगवेगळे द्यायचे असतात. गुणाकार ती फंक्शनं स्वतः करतात आणि तो फिरला तर जागा देत नाहीत.

पण खऱ्या कोडमध्ये आकार इतका सरळ नसतो. पुढे एक मथळ्याची रचना आणि तिच्या शेपटीला अमुक इतक्या नोंदी, असा साचा कर्नलमध्ये पावलोपावली दिसतो. म्हणजे एक गुणाकार आणि वर एक बेरीज, आणि दोन्ही ठिकाणी फिरण्याची शक्यता. २०१८ मध्ये, ४.१८ आवृत्तीच्या सुमारास, ओव्हरफ्लोसाठीची एक वेगळी हेडर फाइल आली आणि तिच्यासोबत स्ट्रक्ट_साइझ हे साधन आलं. कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे किस कुक यांनी कर्नलभर जुने गुणाकार या नव्या साधनांवर आणण्याचं मोठं काम त्याच वेळी हाती घेतलं. स्ट्रक्ट_साइझची युक्ती मला फार आवडते. हिशोब फिरला तर ते चूक झाल्याचं वेगळं कळवत बसत नाही, शक्य असलेला सर्वांत मोठा आकार परत करतं. एवढी मेमरी कोणाकडेच नसते, त्यामुळे जागा मागितल्यावर नकार ठरलेला. आणि जागा न मिळाल्याची तपासणी आधीच्या कोडमध्ये असतेच, ती तशीच उपयोगी पडते. पॅच एका ओळीचा राहतो.

जिथे जागा मागायची नसते, नुसतं गणित करायचं असतं, तिथे चेक_ॲड_ओव्हरफ्लो, चेक_सब_ओव्हरफ्लो आणि चेक_मुल_ओव्हरफ्लो ही तीन साधनं आहेत. ती कंपायलरच्या, म्हणजे सी कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आतल्या सोयी वापरतात, म्हणजे वर म्हटलेली प्रोसेसरची ती दुर्लक्षित खूण शेवटी कोणीतरी बघतं. उत्तर ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवतात आणि ‘फिरलं की नाही’ हे वेगळं सांगतात. इथे एक पथ्य पाळायचं. तपासून मिळालेलं उत्तरच पुढे वापरायचं. खाली जाऊन तीच बेरीज पुन्हा साध्या पद्धतीने केली, किंवा तोच आकडा वापरकर्त्याच्या मेमरीतून दुसऱ्यांदा वाचला, तर मधल्या क्षणात तो बदललेला असू शकतो आणि आधीची तपासणी फुकट जाते.

आता सुरुवातीच्या ओळीकडे परत येऊ. तिची दुरुस्ती अशी झाली:

जर (भरलेली जागा + नव्याची लांबी + २ > ४०९६) तर नकार दे

पद फक्त दुसऱ्या बाजूला नेलं. पण अनेक पुस्तकांत नेमका याच्या उलट सल्ला असतो: बेरीज फिरू शकते, म्हणून वजाबाकी करून तपासा. तो सल्ला चुकीचा नाही, त्याला एक अट आहे. ज्यातून वजा करतोय ती संख्या मोठी असल्याची खात्री हवी. इथे ती खात्री नव्हती. पान नियमात राहून काठोकाठ भरलं तर ४०९५ अक्षरं आणि शेवटचं शून्य मिळून ४०९६ बाइट होतात, म्हणजे भरलेल्या जागेचा आकडा ४०९५ ला पोचणं ही अगदी कायदेशीर स्थिती होती. आणि नव्या ओळीतली बेरीज का फिरत नाही? कारण तिच्यातली प्रत्येक संख्या लहान आहे. भरलेली जागा एका पानापलीकडे जात नाही, आणि पर्यायाचं नाव व किंमत वापरकर्त्याकडून घेतानाच त्यांना २५६ बाइटांची मर्यादा लावलेली असते. म्हणजे बेरीज बरी की वजाबाकी बरी असा हा वाद नाही. प्रत्येक पद कुठपर्यंत जाऊ शकतं हे शोधल्याशिवाय दोन्हीपैकी कुठलीच ओळ बरोबर आहे असं म्हणता येत नाही. पॅच तपासताना मी तरी आधी हेच शोधतो.

आकाराच्या चुकांची एक चोरवाट अशी आहे की तिथे बेरीज-गुणाकार काहीच नसतो, संख्या फक्त मोठ्या घरातून लहान घरात जाते. जुलै २०२१ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ‘सिक्वोया’ नावाने जाहीर केलेली चूक या जातीची होती. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या (कर्नल स्वतःची माहिती ज्यातून दाखवतो त्या) फाइली ज्या बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून, वाचल्या जातात, त्याचा आकार ६४ बिटांच्या अनसाइन्ड संख्येत ठेवलेला होता, आणि पुढे तो ३२ बिटांच्या साइन्ड संख्येत एका फंक्शनला दिला जात होता. एरवी याने काही बिघडत नाही. पण संशोधकांनी फोल्डरात फोल्डर असा एक जीबीहून लांब मार्ग तयार केला, तो माउंट केला, आणि मग माउंटची यादी वाचायला घेतली. मजकूर मावेपर्यंत बफर दुप्पट होत होत दोन जीबीला पोचला, आणि साइन्ड घरात दोन जीबीचा अर्थ होतो उणे दोन जीबी. दहा बाइटांची एक छोटी खूण बफरच्या सुरुवातीच्याही दोन जीबी मागे लिहिली गेली. त्यातूनही रूट मिळवता आलं.

याचा पॅच सगळीकडचे प्रकार बदलत बसला नाही. बफर देणाऱ्या फंक्शनच्या दारातच एक मर्यादा घातली गेली: दोन जीबीच्या आतल्या एका ठरलेल्या आकाराहून मोठा बफर मिळणार नाही. मला हा मार्ग पटतो. इतका मोठा बफर कोणालाच प्रामाणिकपणे लागत नाही. जो आकडा व्यवहारात येऊच नये तो दारातच अडवला, तर आतल्या वीस फंक्शनांना त्याची चिंता करावी लागत नाही. सगळे प्रकार बदलले असते तर पॅच मोठा झाला असता, जुन्या आवृत्त्यांवर नेणं कठीण गेलं असतं, आणि त्यात नवी चूक शिरायला जागा झाली असती.

आता मोजदाद. कर्नलमधली एखादी वस्तू किती जण वापरत आहेत याचा एक आकडा वस्तूवरच लिहिलेला असतो. घेताना एक मिळवायचा, सोडताना एक वजा करायचा, शून्य झाला की वस्तूची मेमरी मोकळी करायची. २०१६ च्या सुरुवातीला किरिंगमधली, म्हणजे कर्नलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातली, एक चूक जाहीर झाली: सीव्हीई-२०१६-०७२८. एका विशिष्ट वाटेने गेलं की मिळवलेला एक वजा करायचा राहून जायचा. आकडा ३२ बिटांचा. तीच हाक चारशे एकोणतीस कोटींहून जास्त वेळा मारली की मीटर फिरून शून्यावर. शोधणाऱ्यांच्या लॅपटॉप प्रोसेसरवर याला साधारण अर्धा तास लागला. आकडा शून्य झाल्यावर कर्नल ती वस्तू मोकळी करतो, पण ती वापरणारे अजून असतातच. त्या जागी हल्लेखोर आपली वस्तू आणून बसवतो.

ती एक चूक राहून गेलेली वजाबाकी घालून मिटली. पण अशा राहून गेलेल्या वजाबाक्या आणखी किती ठिकाणी आहेत हे सांगता येत नाही, म्हणून खरा इलाज आकड्याच्या प्रकारातच करायला हवा होता. इथे आकारासारखा नकार देऊन भागत नाही. वस्तू घेणाऱ्या कितीतरी जागा नकार ऐकायच्या तयारीनेच लिहिलेल्या नाहीत. २०१७ मध्ये, ४.११ आवृत्तीत, रेफकाउंट_टी हा वेगळा प्रकार आला. तो वरच्या टोकाला पोचला की फिरत नाही, गोठतो आणि कर्नलच्या नोंदवहीत इशारा लिहितो. गोठलेला आकडा परत खाली येत नाही, म्हणजे ती वस्तू कधीच मोकळी होणार नाही आणि तिची मेमरी वाया जाईल. हा सौदा समजून-उमजून केलेला आहे. थोडी मेमरी गळणं परवडतं, वापरात असलेली मेमरी दुसऱ्याच्या हाती जाणं परवडत नाही.

मोजदादीचं घरच लहान असेल तर मात्र नकार देण्याचीच वेळ येते. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या अभियंत्याने शोधलेली ‘सॅक पॅनिक’ ही चूक तशी होती. टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या पद्धतीच्या, एका पाकिटाचे तुकडे मोजायला १६ बिट, म्हणजे कमाल ६५,५३५. एका पाकिटात ३२ केबीचे १७ भाग एकत्र येऊ शकत होते, आणि समोरचा हट्टाने प्रत्येक तुकड्यात फक्त ८ बाइट मागू शकत होता. हिशोब करा: ६९,६३२ तुकडे. दुरून पाठवलेल्या पाकिटांनी कर्नल पूर्ण बंद पाडता येत होता. दुरुस्तीत पाकिटं एकत्र करण्याआधी बेरीज ६५,५३५ च्या वर जात असेल तर एकत्र न करणं ठरलं.

आणि तिसरं घड्याळ. इथे फिरणं ही चूक नाहीच. कर्नलमध्ये जिफीज नावाचा काउंटर आहे. तो सेकंदाला १००, २५० किंवा १००० अशा ठरलेल्या गतीने पुढे सरकत राहतो. ३२ बिटांच्या यंत्रावर, हजाराच्या गतीने, तो ४९.७ दिवसांनी फिरतो. त्याला गोठवलं तर वेळच थांबेल. म्हणून दुरुस्ती करायची ती तुलनेची. रात्री अकराला झोपलो आणि एकला जाग आली, तर एक हा अकराहून लहान म्हणून आपण तो आधीचा समजत नाही. अकरापासून पुढे दोन तासांवर एक आहे, एवढं आपण सहज ओळखतो. टाइम_आफ्टर हे साधन तेच करतं: दोन वेळांची वजाबाकी करून उत्तर साइन्ड समजून ऋण की धन ते बघतं. दोन वेळांमधलं अंतर वर्तुळाच्या अर्ध्याहून कमी आहे तोवर उत्तर बरोबर येतं. ‘आत्ताची वेळ > ठरलेली वेळ’ असं थेट लिहिणारा ड्रायव्हर मात्र, काउंटर शून्यापासून सुरू झाला तर, दीड-दोन महिने नीट चालतो आणि मग एका दिवशी अडकून बसतो.

याच कारणाने लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०२४ मध्ये, अनसाइन्ड संख्या फिरली की सरसकट चूक धरावी या कल्पनेला ठाम विरोध केला होता. हॅश, चेकसम, क्रमांक, घड्याळं या सगळ्यांत फिरणं हेतुपुरस्सर असतं. सरसकट धोक्याची घंटा वाजवली तर खरी घंटा ऐकू येणार नाही. साइन्ड संख्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. सी भाषेच्या नियमाप्रमाणे त्या फिरणं हे अव्याख्यात वर्तन, म्हणजे काय होईल हे भाषेने ठरवूनच दिलेलं नाही, त्यामुळे ‘बेरीज मूळ संख्येपेक्षा लहान झाली का’ अशी तपासणी कंपायलर ‘हे होऊच शकत नाही’ म्हणून काढून टाकू शकतो. कर्नल बांधताना कंपायलरला असं गृहीत धरू नकोस असं बजावलेलं असतं. पण तोच कोड दुसऱ्या प्रकल्पात उचलून नेला तर ते संरक्षण सोबत जात नाही.

दुरुस्ती झाली हे कळायचं कसं? जिफीजच्या बाबतीत कर्नलने शोधलेला उपाय प्रत्येक पॅच लिहिणाऱ्याने बघावा असा आहे. हा काउंटर शून्यापासून सुरू होत नाही. ३२ बिटांत फिरायला बरोबर पाच मिनिटं उरलेली असतील अशा आकड्यापासून सुरू होतो. त्यामुळे तुलना चुकवणारा ड्रायव्हर पन्नास दिवसांनी ग्राहकाच्या यंत्रावर अडकण्याऐवजी, तो लिहिणाऱ्याच्याच टेबलावर, यंत्र सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला अडकतो. माउंटच्या त्या ओळीलाही अशीच परीक्षा लावता येते. भरलेली जागा ४०९३, ४०९४ आणि ४०९५ ठेवायची आणि प्रत्येक वेळी दहा बाइटांचा एक पर्याय पुढे करायचा. जुनी ओळ पहिल्या दोन वेळा नकार देते आणि तिसऱ्या वेळी आत घेते. नवी ओळ तिन्ही वेळा नकार देते.